काचेवर फक्त नंबर असतो: फास्टॅगचे विज्ञान आणि खात्याची निगा

सातारा जिल्ह्यातल्या आनेवाडी किंवा तासवडे टोल नाक्यावर गाडी लेनमध्ये शिरते, वरचा रीडर समोरच्या काचेवर चिकटवलेला फास्टॅग वाचतो, दांडी उठते आणि थोड्या वेळात मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज येतो. टॅगमध्येच पैसे भरलेले असतात, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात काचेवरच्या त्या पट्टीत एक रुपयाही नसतो. तिथे असतो एक ओळख क्रमांक. पैसे बँकेतल्या खात्यात असतात. नाक्यावर गाडी अडली की दोष बहुधा तीनपैकी एका जागी सापडतो: टॅग वाचलाच गेला नाही, खात्यात पैसे नव्हते किंवा नोंदीत गाडीची माहिती चुकली होती. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

टॅगमध्ये बॅटरी नसते. असते ती तांदळाच्या दाण्याहून लहान चिप आणि तिला जोडलेला धातूचा पातळ अँटेना. रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात रेडिओ लहरी सोडतो. त्यातली वॅटच्या लाखाव्या भागाच्या आसपासची ऊर्जा टॅगपर्यंत पोहोचली, तरी चिप जागी होते. ती स्वतः लहरी सोडत नाही. अँटेनाची जोडणी झटपट बदलत ती आलेली लहर कमी-जास्त परतवते. लहान मुले आरशाने उन्हाचा कवडसा पाडून खुणा करतात, तसेच. परतणाऱ्या लहरीतला हा चढउतार म्हणजेच तुमचा नंबर.

टॅग कुठे आणि कसा चिकटवायचा, याचे उत्तर याच भौतिकशास्त्रात आहे. या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर, म्हणजे सरळ अर्धलहर अँटेना १७ सेंटीमीटरचा झाला असता. तो नागमोडी वळवून छोट्या पट्टीत बसवतात आणि मागे काच असणार हे धरूनच त्याचा मेळ जुळवतात. हातात धरून दाखवलेला टॅग दगा देतो तो त्यामुळे. बोटांतले पाणी ऊर्जा शोषते, मेळ बिघडतो आणि कोनही चुकतो. डॅशबोर्डवर पडलेला टॅग शेजारच्या लेनचा रीडर वाचू शकतो, तो धोका वेगळाच. असे सुटे टॅग ब्लॅकलिस्ट करण्याचे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले.

जागा ठरलेली आहे: समोरच्या काचेला आतून, मधल्या आरशाच्या मागे. काच कोरड्या फडक्याने पुसा, ओलावा राहू देऊ नका, टॅग एकदाच नीट लावा आणि सगळीकडून दाबा. काढून पुन्हा लावायला गेलात की अँटेना फाटतो; तो तसाच बनवलेला असतो, म्हणजे एका गाडीचा टॅग दुसरीला लावता येऊ नये. काही गाड्यांच्या काचेत उष्णता रोखणारा धातूचा सूक्ष्म थर असतो आणि तो लहरी अडवतो. अशा काचेत आरशाजवळ बहुधा ठिपक्यांची मोकळी खिडकी सोडलेली असते. टॅग तिथेच हवा. धातूमिश्रित सन कंट्रोल फिल्म टॅगवरून गेली, तरी हाच अडथळा येतो. दगड लागून काच बदलली तर टॅगही नवा घ्यावा लागतो.

खाते उघडायचे तर टॅग देणारी बँक निवडा. बँकेचे संकेतस्थळ किंवा ॲप चालते, नाक्यावरचे विक्री केंद्रही चालते. गाडीचे आरसी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, समोरून नंबरप्लेट दिसेल असा फोटो आणि स्वतःजवळचा मोबाइल नंबर लागतो. एजंटाचा नंबर खात्याला कधीही जोडू देऊ नका. ओटीपी आणि कपातीचे मेसेज तिकडे जातील. कारसाठी साधारण १०० रुपयांपर्यंत टॅगची किंमत आणि २०० रुपये परत मिळणारी अनामत असते, वर पहिला रिचार्ज. नव्या गाडीला शोरूममधून चासी नंबरावर टॅग मिळतो. एमएच १०, एमएच ११ किंवा एमएच ५० चा नंबर हातात आला की तो गाडी घेतल्यापासून ९० दिवसांच्या आत बँकेकडे नोंदवा, नाहीतर टॅग बंद पडण्याची वेळ येते.

गाडीचा वर्ग तपासणे फार महत्त्वाचे, विशेषतः मालवाहू गाडी असेल तर. कार, जीप, व्हॅनचा टॅग जांभळा असतो, हलक्या मालवाहू गाडीचा नारिंगी, दोन आसांच्या (ॲक्सलच्या) बस-ट्रकचा हिरवा. तासगावहून द्राक्षे नेणाऱ्या पिकअपला चुकून कारचा टॅग लागला, तर लेनमधली यंत्रणा आकार आणि आस मोजून वेगळा वर्ग दाखवते. मग फरकाची रक्कम नंतर कापली जाते आणि वाद घालून उपयोग नसतो. टॅग हातात येताच रंग आणि मेसेजमधला वर्ग आरसीशी ताडून पाहा.

आता पैशांचा प्रवास. रीडरने वाचलेला नंबर नाक्याच्या बँकेकडे जातो, तिथून भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या यंत्रणेकडे. टॅग चालू आहे का, कोणत्या वर्गाचा, कोणत्या बँकेचा, हे तिथे कळते. मग तुमची बँक पैसे कापते. यात फक्त नोंदणीकृत नाके आणि पार्किंगसारख्या ठिकाणांनाच पैसे मिळू शकतात. त्यामुळे कुणी मनगटी घड्याळाने टॅग स्कॅन करून पैसे पळवतो, ही २०२२ मध्ये पसरलेली चित्रफीत निव्वळ खोटी होती.

कमी शिल्लक हा सर्वांत नेहमीचा घोळ; तिनेही टॅग बंद पडतो. एनपीसीआयच्या १७ फेब्रुवारी २०२५ पासूनच्या नियमात, टॅग वाचण्याच्या ६० मिनिटे आधीपासून बंद असेल आणि वाचल्यानंतर १० मिनिटांपर्यंतही बंदच राहिला, तर व्यवहार नाकारला जातो. राष्ट्रीय महामार्गांवरचे नाके टॅगची स्थिती तत्काळ पाहतात, त्यामुळे तिथे नाका ओलांडण्याआधी केव्हाही रिचार्ज केला तरी चालतो, असे प्राधिकरणाने तेव्हाच स्पष्ट केले. तरी राज्याच्या रस्त्यांवर जाणार असाल, तर पैसे आदल्या रात्रीच भरा. वैध टॅग नसेल, तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल, असा नियम १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला: १०० रुपयांच्या जागी २०० किंवा १२५.

रिचार्ज यूपीआय ॲपमध्ये टॅगची बँक निवडून आणि गाडीचा नंबर टाकून होतो. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारे मालकाचे नाव वाचा. एक अंक चुकला की पैसे दुसऱ्याच्या खात्यात. शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली की आपोआप भरणा व्हावा, अशी सोयही बऱ्याच बँका देतात. वारंवार प्रवास असेल तर ती जरूर लावावी.

राष्ट्रीय महामार्गांवरच्या वार्षिक पासचे गणित समजून घ्या. १५ ऑगस्ट २०२५ ला हा पास ३००० रुपयांना सुरू झाला: एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी. त्या दराने एक नाका १५ रुपयांना पडला. नाका ओलांडला की एक फेरी मोजली जाते, परतताना दुसरी. साताऱ्याहून पुण्याला आनेवाडी आणि खेड शिवापूर असे दोन नाके, जाऊन-येऊन चार फेऱ्या. म्हणजे पन्नास वाऱ्या. सांगलीहून पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलात तर तासवडे वाढतो, सहा फेऱ्या होतात आणि ३३ वाऱ्यांत पास संपत येतो. राजमार्गयात्रा ॲपमधून तो चालू टॅगवरच घेता येतो. टॅग फक्त चासी नंबरावर असेल तर मिळत नाही. मुंबईला जाणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे: पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग राज्याचा आहे, तिथे हा पास चालत नाही. त्यामुळे पास असला तरी अशा रस्त्यांसाठी खात्यात शिल्लक हवीच. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना बिगरव्यावसायिक गाडीसाठी स्वस्त मासिक पास मिळतो. रोज तोच एक नाका लागत असेल, तर आधी त्याची चौकशी करा.

मेसेज वाचण्याची सवय ठेवा. २४ तासांच्या आत त्याच नाक्यावरून परतलात, तर दोन्ही वेळचे मिळून दीडपट पैसे कापले जायला हवेत. पूर्ण दोनदा कापले गेले, घरी उभ्या गाडीचा टोल लागला किंवा एका फेरीचे दोन व्यवहार दिसले, तर व्यवहार क्रमांकासह टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार नोंदवा. परताव्याची प्रक्रिया तिथूनच सुरू होते. महामार्गाची हेल्पलाइन १०३३ आहे. टॅग चालू आहे, शिल्लक आहे आणि नाक्याची यंत्रणाच बंद पडली आहे, तर २०१८ च्या नियमाप्रमाणे गाडी टोल न घेता सोडावी लागते आणि शून्य रकमेची पावती मिळते. ती मागून घ्या.

गाडी विकताना चावी देण्याआधी टॅग बंद करण्याचा अर्ज बँकेकडे टाका आणि पट्टी स्वतः खरवडून काढा. शिल्लक आणि अनामत खात्यात परत येते. हे राहिले, तर नवा मालक तुमच्या पैशांवर नाके ओलांडत राहतो. आणि एका गाडीला एकच टॅग हा नियम असल्यामुळे तुमचा टॅग बंद होईपर्यंत त्यालाही नवा टॅग घेताना अडचण येते.