मधुमेही हृदयातली तंतुकणिका : संशोधनामागची पार्श्वभूमी

वडोदऱ्यात गुजराती माध्यमातून शिकणारी मुलं मायटोकाँड्रियाला, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म कणांना, ‘कणाभसूत्र’ म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकात तीच ‘तंतुकणिका’ होते. दोन्ही नावांत धागाही आहे आणि कणही. कार्ल बेंडा याने १८९८ मध्ये ‘मिटोस’ (धागा) आणि ‘काँड्रॉस’ (कण) हे ग्रीक शब्द जोडून मूळ नाव दिलं, त्याचंच हे भाषांतर. त्याआधी, १८५७ मध्ये, कोलिकरला स्नायूंत हे कण दिसले होते. पण दिसणं वेगळं आणि त्यांचं काम कळणं वेगळं. या दोन्हींमध्ये पन्नास वर्षांहून अधिक काळ गेला, कारण पेशी फोडून हे कण धडधाकट बाहेर कसे काढायचे हेच कुणाला माहीत नव्हतं.

ते साखरेने जमवलं. साध्या पाण्यात तंतुकणिका पाणी शोषून फुगतात आणि त्यांचं पटल फाटतं. होगबूम, श्नायडर आणि पलाडे यांनी १९४८ मध्ये ०.८८ मोलर (मोलर म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) सुक्रोजच्या, म्हणजे साध्या साखरेच्या, द्रावणात यकृत वाटलं आणि तंतुकणिका न फुगता हाती आल्या. पाठोपाठ केनेडी आणि लेनिंजर यांनी दाखवलं, की ऑक्सिजन वापरून एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी खर्च करते तो रेणू, तयार करण्याचं काम इथेच चालतं. पुढे ०.२५ मोलर सुक्रोज रूढ झालं आणि आजही बहुतेक ठिकाणी तेच वापरतात.

मोजमाप आलं १९५५ मध्ये. चान्स आणि विल्यम्स यांनी तंतुकणिकेच्या श्वसनाच्या, म्हणजे ऑक्सिजन वापरण्याच्या, पाच अवस्था ठरवल्या. त्यांतल्या दोन कामाच्या: एडीपी (ज्यापासून एटीपी बनतं ते) भरपूर असताना ऑक्सिजन झपाट्याने खर्च होतो ती तिसरी, आणि एडीपी संपल्यावर वेग उतरतो ती चौथी. तिसरीच्या वेगाला चौथीच्या वेगाने भागलं की श्वसन-नियंत्रण गुणोत्तर मिळतं. ते एकाच्या जवळ आलं तर इंधन जळतंय पण एटीपी बनत नाही, असं समजायचं. स्वीडनमध्ये रॉल्फ लुफ्ट यांनी १९६२ मध्ये एका स्त्रीच्या आजाराचं वर्णन केलं. ती खूप खायची, घामाने भिजायची, तरी कृश. विश्रांतीतला चयापचय दुपटीहून जास्त, आणि थायरॉइड मात्र ठीक. तिच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांत हे नियंत्रण सुटलेलं सापडलं. तंतुकणिकेमुळे होणारा म्हणून ओळखला गेलेला हा पहिला आजार. मधुमेहाशी थेट जनुकीय दुवा १९९२ मध्ये मिळाला: तंतुकणिकेच्या १६,५६९ अक्षरांच्या डीएनएत ३२४३व्या जागी एक अक्षर बदललं, की आईकडून मुलांकडे मधुमेह आणि बहिरेपणा जातो. अर्थात असे रुग्ण थोडे. नेहमीच्या मधुमेहाचं कोडं त्याने सुटत नाही.

वडोदऱ्याचा संबंध इथे येतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये, म्हणजे हे सगळं तंत्र घडत होतं त्याच वर्षांत. इथल्या बायोकेमिस्ट्री विभागात पांढऱ्या उंदरांना मधुमेही करून त्यांच्या यकृतातल्या आणि हृदयातल्या तंतुकणिका मोजण्याचं काम बरीच वर्षं झालं. इन्शुलिनची कमतरता नर आणि मादी उंदरांच्या हृदयातल्या ऊर्जानिर्मितीवर सारखा परिणाम करत नाही, असं दाखवणारा निबंध २००६ मध्ये इथून प्रसिद्ध झाला. एरवी फक्त नर उंदीर घेऊन काम उरकण्याची रीत होती, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

असे प्रयोग वाचताना कुठे पाय घसरतो ते माहीत हवं. उंदरांना मधुमेही करायला अलॉक्झान किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन ही रसायनं देऊन स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतात. स्ट्रेप्टोझोटोसिन पीएच ४.५ च्या (म्हणजे आम्लधर्मी) गार सायट्रेट बफरमध्ये विरघळवून लगेच टोचावं लागतं, ठेवलं तर विघटन होतं. पहिल्या दिवशी मरणाऱ्या पेशींतलं इन्शुलिन एकदम सुटतं आणि साखर कोसळते. पाण्यात ग्लुकोज दिलं नाही तर उंदीर दगावतात. शिवाय हे औषध ज्या वाटेने बीटा पेशीत शिरतं ती वाट यकृतातही आहे. मग बिघाड मधुमेहाचा की औषधाचा? निरोगी आणि मधुमेही गटांखेरीज, इन्शुलिन देऊन बिघाड भरून येतो का, हे पाहणारा तिसरा गट ठेवला तरच उत्तर मिळतं. तो गट नसलेल्या निबंधावर मी फारसा भरवसा ठेवणार नाही.

तंतुकणिका वेगळ्या काढण्याची कृती ऐकायला सोपी आहे. ऊतक बर्फावर बारीक चिरायचं, ०.२५ मोलर सुक्रोजमध्ये एक मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घालून वाटायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये ६०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पट जोराने) दहा मिनिटं फिरवून केंद्रकं आणि न फुटलेल्या पेशी खाली बसवायच्या, वरचा द्रव ८,००० ते १०,००० जीला दहा मिनिटं फिरवायचा, की तंतुकणिका खाली बसतात. ईडीटीए विसरलं तर कॅल्शियम आत शिरून तंतुकणिका फुगतात. दुसऱ्याच्या निबंधातले फेरे जसेच्या तसे उचलणं ही नेहमीची चूक: मिनिटाला १०,००० फेऱ्यांना ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरमध्ये (सेंट्रिफ्यूजच्या फिरत्या भागात) ८,९०० जी मिळतात, १०.८ सेंटिमीटरच्या रोटरमध्ये १२,००० च्या वर. आणि वडोदऱ्याच्या मे महिन्यात रोटर आधी गार करून ठेवला नसेल, ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या कक्षाभोवती ठरावीक तापमानाचं पाणी फिरत नसेल, तर आकडे बिघडलेच म्हणून समजा.

हृदय यकृतापेक्षा चिवट. नुसतं वाटून पेशीच्या कडेच्या तंतुकणिका सुटतात. आकुंचन पावणाऱ्या तंतूंमध्ये अडकलेल्या काढायला प्रथिन पचवणारं विकर लागतं, आणि ते जास्त वेळ राहिलं तर तंतुकणिकेलाही इजा करतं. पामर, टँडलर आणि हॉपेल यांनी १९७७ मध्ये हे दोन साठे वेगळे केले. मधुमेहात दोन्ही सारखे बिघडत नाहीत, म्हणून एकच साठा मोजणारे दोन गट उलट निष्कर्ष काढू शकतात.

कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हा वाद अजून मिटलेला नाही. मधुमेही पालकांच्या, इन्शुलिनला दाद न देणाऱ्या तरुण मुलांच्या स्नायूंत एटीपीचा वेग सुमारे ३० टक्के कमी आढळल्याचं २००४ मध्ये अमेरिकेतून आलं. चार वर्षांनी तिथेच राहणाऱ्या भारतीयांवरच्या अभ्यासात उलटं दिसलं: इन्शुलिन-प्रतिरोध (इन्शुलिनला दाद न देणं) तीव्र, पण एटीपी बनवण्याची क्षमता उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा जास्त. आपल्या लोकांसाठी हा दुसरा निकाल बाजूला ठेवून चालणार नाही. तो इथल्या रुग्णांत तपासायचा तर शस्त्रक्रियेतला स्नायूचा तुकडा गोठवून भागत नाही, गोठल्यावर आतलं पटल फुटतं आणि तिसरी-चौथी अवस्था मोजताच येत नाही. तुकडा बर्फावर, त्याच दिवशी, काही तासांत प्रयोगशाळेत पोचावा लागतो.