सत्तावीस आणि अठ्ठावीस: एमएसएक्सच्या कार्ट्रिजमधला न संपणारा घोळ

‘दोन्ही मेमरी चिपा २८ पिनांच्या, दोन्ही ३२ केच्या (किलोबाइटच्या), मग एकीच्या जागी दुसरी बसवली तर काय बिघडलं?’ एमएसएक्स या जुन्या घरगुती संगणकासाठी घरी खेळाची कार्ट्रिज बनवायला घेणारा प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतो. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी लगेच ‘काही होत नाही, बिनधास्त लाव’ असं सांगतं. मग दोन दिवस सोल्डर काढण्यात आणि घालण्यात जातात, आणि शेवटी खेळ लिहिणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली जातात. खेळ बहुतेक वेळा ठीकच असतो.

आधी नावं ठरवून घेऊ. इथे ‘सत्तावीस’ म्हणजे २७सी२५६ ही ईप्रॉम (प्रकाशाने पुसता येणारी मेमरी) आणि ‘अठ्ठावीस’ म्हणजे २८सी२५६ ही ईईप्रॉम (विजेनेच पुसता येणारी). चिपांची नावं मुद्दाम अक्षरांत लिहितोय, कारण पुढे पिन २७ आणि पिन २८ सुद्धा येणार आहेत.

एमएसएक्सही थोडक्यात. १९८३ साली जपानमध्ये जाहीर झालेलं हे घरगुती संगणकाचं सामाईक मानक. झेड८० प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झवर, आणि वर कार्ट्रिजची ५० पिनांची खाच. अनेक कंपन्यांनी त्या बरहुकूम मशीनं काढली. आजही हौशी मंडळी त्यासाठी नवे खेळ लिहितात, आणि त्यातले पुष्कळसे ३२ केमध्ये मावतात. म्हणूनच प्रश्न याच दोन चिपांचा येतो.

सत्तावीस तुम्हाला माहीतच आहे. पाठीवर क्वार्ट्झची गोल काच, भरायला, म्हणजे खेळ आत लिहायला, १२.५ ते १३ व्होल्ट, पुसायला अतिनील प्रकाश. कोऱ्या चिपमध्ये सगळीकडे एफएफ, म्हणजे सगळे बिट १. भरताना १ चा ० होतो, उलटं होत नाही. सोलापूरकराला हे समजायला मागावर नक्षी ठरवणारं जकार्डचं भोकांचं कार्ड डोळ्यांसमोर आणलं की पुरे: भोक पाडता येतं, पाडलेलं भोक बुजवता येत नाही. एका बाइटची चूक झाली तरी अख्खी चिप पुसावी लागते.

पुसण्याबद्दल एकच सांगतो, कारण इथे सोलापुरात उन्हाविषयी फार गैरसमज आहेत. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला म्हणून चिप गच्चीवर ठेवून पुसली जात नाही. उष्णतेचा यात संबंधच नाही. लागतो २५४ नॅनोमीटरचा प्रकाश, आणि तेवढ्या आखूड लांबीचा सूर्यप्रकाश हवेतच अडतो. थेट उन्हात साधारण आठवडा लागेल असं जुन्या डेटाशीटमध्ये दिलेलं असतं, आणि तेवढ्या दिवसांत चिपवर धूळ आणि पाय गंजणं एवढंच हाताला लागेल. दुकानातला नोटा तपासायचा निळा दिवा किंवा नेलपॉलिश सुकवायचा दिवा ३६५ नॅनोमीटरचा किंवा त्याहून वरचा असतो, रात्रभर ठेवला तरी उपयोग शून्य. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातली यूव्ही ट्यूब मात्र बरोबर २५४ ची असते. ती बंद डब्यात बसवा, चिप अडीच सेंटिमीटरवर ठेवा, १५ ते २० मिनिटं. डबा उघडा ठेवून बघत बसू नका, डोळ्यांना इजा होते. पुसल्यावर कोरेपणा तपासा, आणि भरून झाल्यावर काचेवर जाड चिकटपट्टी लावा.

अठ्ठावीसला यातलं काहीच लागत नाही. ५ व्होल्टवरच लिहिते, ५ व्होल्टवरच पुसते, हवा तो बाइट बदलता येतो. काच नाही, महाग आहे. वेगाचं म्हणाल तर १५० नॅनोसेकंदाची कोणतीही चिप एमएसएक्सला पुरून उरते, तो वाद घालूच नये.

आता मुख्य गोष्ट. दोन्ही चिपा शेजारी ठेवून डेटाशीट लावलं तर २८ पैकी २६ पिना तंतोतंत सारख्या निघतात. डेटाच्या आठही जागा त्याच, पिन १४ ग्राउंड, पिन २८ ला ५ व्होल्ट, पिन २० सीई (चिप जागी करणारी), पिन २२ ओई (डेटा बाहेर सोडणारी), अगदी पत्त्याची तार ए१३ सुद्धा दोन्हीकडे पिन २६ वरच. फरक फक्त पिन १ आणि पिन २७ चा. सत्तावीसमध्ये पिन १ म्हणजे व्हीपीपी, भरण्याचा व्होल्टेज, आणि पिन २७ म्हणजे ए१४. अठ्ठावीसमध्ये पिन १ म्हणजे ए१४, आणि पिन २७ म्हणजे डब्ल्यूई, लिहिण्याची परवानगी. म्हणजे सर्वांत वरची पत्त्याची तार एका कोपऱ्यातून समोरच्या बाजूला गेली आहे, आणि तिच्या जागी येऊन बसलेली पिन अशी आहे की जी चुकून खाली, म्हणजे शून्य व्होल्टला, ओढली तर चिप लिहायला तयार होते.

हा घोळ मूर्खपणातून येत नाही, अर्ध्या खऱ्या अनुभवातून येतो. आठ केच्या २७६४ च्या जागी २८सी६४ खरोखरच चालते. तिथे ए१४ नसतेच, पिन २७ वर एका चिपला पीजीएम (भरण्याची परवानगी) आणि दुसरीला डब्ल्यूई असते, आणि वाचताना दोन्ही वरच, म्हणजे ५ व्होल्टला, ठेवायच्या असतात. ज्याने ते करून पाहिलं तो छातीठोकपणे म्हणतो की २७ आणि २८ मालिकेच्या चिपा एकच. आठ केपुरतं त्याचं बरोबर. ३२ केला ए१४ आली की ते संपतं.

एमएसएक्सच्या बोर्डावर नेमकं काय होतं ते बघा. खेळ ४००० ते बीएफएफएफ या पत्त्यांवर बसतो (पत्ते सगळे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे). सगळ्यांत सोप्या जोडणीत कार्ट्रिजच्या कनेक्टरची पिन ४, म्हणजे एसएलटीएसएल (खाच निवडल्याचा संकेत), चिपच्या सीईला जाते, आणि पिन १४, म्हणजे आरडी (वाचनाचा संकेत), ओईला. चिपच्या ए१४ ला मशीनची ए१५ द्यायची, कनेक्टरची पिन १८. ए१४ ला ए१५ का, ते पुढे येईलच. सत्तावीससाठी केलेल्या बोर्डावर म्हणून सॉकेटची पिन १ थेट ५ व्होल्टला असते आणि पिन २७ ला ए१५ येते.

त्याच सॉकेटमध्ये अठ्ठावीस बसवा. तिची ए१४ आता ५ व्होल्टला कायमची बांधली गेली, म्हणजे खालचे १६ के तिच्यापुरते नाहीसेच झाले, कुठूनही वाचा, वरचा अर्धा भागच समोर येणार. दुसरीकडे डब्ल्यूईला ए१५ मिळाली. ४००० ते ७एफएफएफ या पट्ट्यात ए१५ शून्य असते, म्हणजे वाचताना डब्ल्यूई खाली. डेटाशीटप्रमाणे वाचण्यासाठी ती वर हवी, त्यामुळे तिथून जे येईल त्याची खात्री नाही. आणि एखाद्या प्रोग्रॅमने त्या पट्ट्यात लिहायचा नुसता प्रयत्न केला तरी सीई खाली, ओई वर, डब्ल्यूई खाली, अशी लिहिण्याची अचूक स्थिती जमते. खेळातला एक बाइट बदलून बसतो, आणि पुढच्या वेळी तुम्हाला वाटतं चिपच खराब निघाली.

पडद्यावर याचं लक्षण ठरलेलं आहे. एमएसएक्स सुरू होताना ४००० आणि ८००० वर ‘एबी’ ही दोन अक्षरं, म्हणजे ४१ आणि ४२, शोधतं. ती वरच्या अर्ध्या भागाच्या सुरुवातीला सहसा नसतात. म्हणून मशीन कार्ट्रिज नसल्यासारखं सरळ बेसिक या आतल्या प्रोग्रॅमिंग भाषेत जातं, ‘२८८१५ बाइट्स फ्री’ आणि खाली ‘ओके’. लोक मग कनेक्टर घासत बसतात.

याच्याशी नेहमी गल्लत होणारी दुसरी चूक म्हणजे चिपच्या ए१४ ला मशीनची ए१४, म्हणजे कनेक्टरची पिन २५, जोडणं. नाव सारखं म्हणून हात तिकडे जातो. पण ४००० वर मशीनची ए१४ एक असते आणि ८००० वर शून्य. म्हणजे चिपचे दोन अर्धे उलटे बसतात: पहिला अर्धा ८००० ला, दुसरा ४००० ला. ए१५ मात्र ४००० वर शून्य आणि ८००० वर एक, म्हणून तीच बरोबर. इथे लक्षण वेगळं दिसतं: ‘एबी’ ८००० ला सापडते, मशीन आतल्या पत्त्यावर उडी मारतं, तिथे भलताच कोड, आणि पडदा काळा किंवा कचऱ्याने भरलेला. थेट बेसिक आलं तर चिप आणि बोर्डाची जोडी तपासा. काळा पडदा आला तर ए१४ आणि ए१५ तपासा. दुसऱ्या चुकीवर फाइलचे १६-१६ केचे दोन तुकडे उलटे करून चिप भरणारेही आहेत. चालतं, पण सहा महिन्यांनी तीच चिप दुसऱ्या बोर्डात घातली की पुन्हा पहिल्यापासून. बोर्ड सुधारा.

उलट दिशेची चूक जास्त फसवी. अठ्ठावीससाठीच्या बोर्डावर पिन १ ला ए१५ आणि पिन २७ ला ५ व्होल्ट असतात. तिथे सत्तावीस बसवली की पुन्हा ए१४ कायम वर, पुन्हा फक्त वरचा अर्धा. पण खेळ १६ केचा असेल आणि चिप भरायला तोच दोनदा लावला असेल, तर दोन्ही अर्धे सारखेच, आणि खेळ चालूही शकतो. मग तो बोर्ड ‘तपासलेला’ म्हणून पुढे जातो, आणि पहिला ३२ केचा खेळ घालणाऱ्याच्या गळ्यात पडतो. १६ केच्या खेळावर बोर्ड पास करू नये, कधीच.

बोर्ड कुठल्या चिपचा आहे हे ओळखायला मल्टिमीटर पुरतो. चिप काढा, बजर लावा. रिकाम्या सॉकेटचं भोक १ आणि भोक २८ यांत आवाज आला तर बोर्ड सत्तावीसचा. भोक २७ आणि २८ यांत आला तर अठ्ठावीसचा. मग उरलेल्या भोकातून कनेक्टरच्या १८ व्या पट्टीपर्यंत आवाज यायलाच हवा. तो २५ व्या पट्टीवर आला तर अर्धे उलटे. दोन मिनिटांचं काम, पण सोल्डरिंग गन आधी हातात घ्यायची सवय जात नाही.

सत्तावीसच्या बोर्डावर अठ्ठावीस चालवायचीच असेल तर चिपचे पाय वाकवू नका, मध्ये एक जादा सॉकेट घाला आणि त्याचे १ आणि २७ हे पाय बाहेर वाकवा. २७ चा पाय शेजारच्याच २८ ला सोल्डरच्या थेंबाने जोडा, डब्ल्यूई कायमची वर गेली. १ च्या पायापासून बारीक तार काढून बोर्डाच्या मागे २७ च्या पॅडवर लावा. बस. नवा बोर्ड आखत असाल तर सहा टोकांचा स्लाइड स्विच ठेवा: मधली दोन टोकं सॉकेटच्या १ आणि २७ ला, आणि ५ व्होल्ट व ए१५ बाजूच्या टोकांना तिरके ओलांडून. स्विच मशीन बंद असतानाच सरकवायचा, कार्ट्रिजसुद्धा मशीन बंद असतानाच घालायची आणि काढायची. पिन २८ आणि १४ च्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर विसरू नका.

प्रोग्रॅमरवर, म्हणजे चिप भरायच्या यंत्रावर, हाच घोळ चिप मारतो. सॉकेटात अठ्ठावीस आणि पडद्यावर सत्तावीस निवडली, तर प्रोग्रॅमर पिन १ वर १२-१३ व्होल्ट सोडतो. अठ्ठावीसची ती पिन सव्वासहा व्होल्टच्या वर सहन करत नाही. चिपचा आयडी जुळत नाही असा इशारा येतो तो याच्याचसाठी, आणि नेमका तोच पर्याय बंद करून पुढे जायचा सल्ला सर्रास दिला जातो. इशारा आला की चिप बाहेर काढा आणि पाठीवरचा छाप भिंगाने वाचा. अठ्ठावीस लिहून झाली पण पडताळणीत पहिल्याच बाइटला नापास झाली तर घाबरू नका. आत लेखनबंदी असते, ती आधी काढण्याचा पर्याय प्रोग्रॅमरमध्ये असतो, तो लावून पुन्हा भरा. भरल्यावर चिप परत वाचून पत्ता ० वर ४१ ४२ दिसतं का ते पाहा.

कुठली घ्यावी? खेळ लिहिताना, दिवसातून दहा वेळा बदल होत असताना अठ्ठावीस, बिनतोड. खेळ पक्का झाला की सत्तावीस, आणि ती सुद्धा बिनकाचेची, एकदाच भरता येणारी प्लॅस्टिकची. कुणाला द्यायच्या कार्ट्रिजमध्ये अठ्ठावीस घालणं मला पटत नाही: महागही पडते आणि उगाच लिहिता येण्याजोगी राहते. सोलापूरच्या नवी पेठेत मोबाइलचं सगळं मिळेल, या चिपांसाठी मात्र पुण्याची बुधवार पेठ किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो, नाहीतर ऑनलाइन. जुन्या बोर्डावरून काढलेली सत्तावीस स्वस्त पडते, फक्त आधी पुसून कोरी झाली का ते तपासा. अठ्ठावीस मात्र काढलेली घेऊ नका, छाप घासून नवा मारलेला असू शकतो.

आणि बोर्डाच्या पाठीवर पर्मनंट मार्करने ‘२७’ किंवा ‘२८’ लिहा. चिपवर नको, बोर्डावर. चिपा बदलत राहतात, चूक बोर्डाशी जोडी लावताना होते.