अपघर्षक लेप, धारपट्ट्याचा

दगडावर पाजळलेल्या सुरीच्या किंवा वस्तऱ्याच्या धारेला धातूची सुटत आलेली बारीक किनार राहते. कारखान्यांत तिला ‘बर’ म्हणतात. ती काढण्यासाठी चामड्याच्या किंवा लाकडी पट्टीवर, म्हणजे धारपट्ट्यावर, चोळलेला अतिसूक्ष्म कणांचा थर म्हणजे हा लेप. पाते पट्ट्यावर नेहमी पाठीच्या दिशेने ओढतात. धार पुढे गेली की चामडे कापले जाते.

या कामाच्या पदार्थांत कुरुंद, म्हणजे नैसर्गिक ॲल्युमिनियम ऑक्साइड, भारतात फार पूर्वीपासून परिचित आहे. त्याच्या नावाविषयी मात्र एकमत नाही. संस्कृत ‘कुरुविंद’ हा शब्द माणकाच्या एका प्रकाराला लावतात, आणि नागरमोथ्यालाही. रत्न आणि गवत एकाच नावाखाली कसे आले, याचे समाधानकारक स्पष्टीकरण संस्कृत क्रियाधातूंतून मिळत नाही. त्यामुळे शब्द मुळात द्राविडी असावा (तमिळ ‘कुरुंदम्’) हे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटिश खनिजसंग्राहक चार्ल्स ग्रेव्हिल यांचा आशियातील या दगडावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १७९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर ‘कोरंडम’ हे रूप युरोपीय खनिजविज्ञानात रुळले असावे.

हल्ली बाजारात मिळणारी हिरवी वडी क्रोमियम ऑक्साइडची असते. क्रोमियमचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये लावला, म्हणजे हा लेप कुरुंदाच्या मानाने अर्वाचीन. चांगल्या प्रतीत कण सुमारे ०.५ मायक्रॉनचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). स्वस्त वड्यांत ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) व मेण बरेच मिसळलेले असते, तेव्हा केवळ रंगावर जाऊ नये. सोनारकामातील तांबडे रूज (लोह ऑक्साइड) त्याहून मऊ, म्हणून ते शेवटच्या चकाकीपुरतेच.

निवड खरी ठरते ती पोलादातील कार्बाइडांवर, म्हणजे कार्बन व धातू यांच्या संयुगाच्या कठीण कणांवर. साध्या कार्बन पोलादातले लोह कार्बाइड हिरव्या लेपाने सहज झिजते. व्हॅनेडियम मिसळलेल्या पोलादातले व्हॅनेडियम कार्बाइड ॲल्युमिनापेक्षाही कठीण असते. तेथे लेप भोवतालचे पोलाद खातो आणि कार्बाइडचे कण तसेच राहतात. अशा पात्यांसाठी हिऱ्याची किंवा घन बोरॉन नायट्राइडची (हिऱ्याच्या खालोखाल कठीण असा कृत्रिम पदार्थ) १ मायक्रॉनची पूड घ्यावी. घरच्या सुरीला एवढा खर्च व्यर्थ आहे.

लेपाविना कोरे चामडे पुरते का, हा जुना वाद. आयोवा स्टेट विद्यापीठातील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या निरीक्षणांत कोऱ्या चामड्याचा परिणाम अल्प, तर क्रोमियम ऑक्साइड लावलेल्याचा स्पष्ट दिसला. न्हाव्यांचा अनुभव याच्या उलट सांगितला जातो; पण त्यांच्या वस्तऱ्याला आधीच मुलायम दगडाची धार असे.

वडी पट्ट्यावर खडूसारखी पातळ फिरवावी. काळपट रेघा उमटल्या की पोलाद झिजते आहे असे समजावे. जोर दिला तर चामडे दबून धारेभोवती वर येते आणि धार गोल होते. विळीचे बाकदार पाते सपाट पट्टीवर नीट बसत नाही.