पडवीतली येझदी

मामाची येझदी मोटारसायकल अकरा पावसाळे कोकणातल्या पडवीत गोणपाटाखाली उभी होती. गोणपाट बाजूला केल्याबरोबर घरातल्या सगळ्यांना एकच सुचलं, "मार एक किक!" नेमकी तीच तेव्हा मारायची नसते.

गाडी थांबली तरी तिच्या पोटातलं रसायन थांबत नाही. येझदीला सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. दिसायला रुबाबदार, पण दमट हवेला आत शिरायला ही दोन दारं. पिस्टन खाली थांबला असेल तर सायलेन्सरमधून आलेली हवा थेट सिलिंडरपर्यंत पोचते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या जवळपास दुप्पट जागा व्यापतो आणि पिस्टन-सिलिंडरमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही नसते. गंज तिथे पाचरीसारखा बसतो. अशात जोराने किक मारली तर रिंग तुटते, नाहीतर सिलिंडरवर ओरखडे पडतात.

म्हणून आधी ठिणगी पाडणारा प्लग काढला, भोकातून थोडं डिझेल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलात मिसळतात ते) सोडलं आणि दोन दिवस गाडीकडे कोणी फिरकलं नाही. मग चौथा गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढेमागे हलवलं. वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यात इंजिन कमी फिरतं, त्यामुळे हाताचा जोर जास्त लागू पडतो. तिसऱ्या दिवशी पिस्टन सुटला.

खरा वैरी मात्र जुनं पेट्रोल. पेट्रोल म्हणजे एक द्रव नव्हे, अनेक हायड्रोकार्बनांची ती खिचडी असते. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेटायला वाफ हवी असते ती नेमकी त्यांचीच. उरलेल्यांपैकी काहींचा ऑक्सिजनशी संयोग होऊन मधासारखा चिकट डिंक तयार होतो. येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलात ऑइल मिसळलेलं असतं, तेही मागे राहतं. गंमत बघा, या ऑइलचा थर क्रँकला, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याला, गंजापासून वाचवतो आणि पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये तोच आडवा येतो. तिथल्या स्लो जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. ते बुजलं की किक मारून पोटरी भरून येते, गाडी हूं की चूं करत नाही. जेट मऊ पितळेचं असतं, म्हणून ते साफ करायला सुई नको. वायरीतली तांब्याची एक बारीक तार पुरते.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या बनू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आजचं २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल त्या गाड्यांना ठाऊकच नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल-पाण्याचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो, आणि पेट्रोलचा कॉकही तळाशीच असतो. पुन्हा उभी करून ठेवणार असाल तर टाकी आणि कार्बोरेटर कोरडे करूनच ठेवा.

आमच्या टाकीतला गंज किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाने निघाला. सायट्रिक ॲसिड लोखंडाच्या ऑक्साइडला पकडून पाण्यात विरघळवतं. नंतर खाण्याच्या सोड्याने टाकी धुऊन लगेच वाळवली, नाहीतर उघडं पडलेलं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं.

तरी ठिणगी पडेना. या गाडीची बॅटरी ६ व्होल्टची. पॉइंट, म्हणजे इंजिनाबरोबर उघडमीट करणारे विजेचे संपर्क, मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो आणि ते उघडले की कॉइलचं चुंबकीय क्षेत्र कोसळून प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. पण पॉइंटवर ऑक्साइडची पातळ साय धरली होती आणि ६ व्होल्टला ती ओलांडता येत नव्हती. बारीक पॉलिश पेपर फिरवला, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.४ मिमी गॅप ठेवला, आणि प्लगवर निळी ठिणगी दिसली.

कार्बोरेटरचा टिकलर, म्हणजे सुरुवातीला जादा पेट्रोल सोडणारा खटका, दाबला. सातव्या किकला गाडी फटफटली आणि अंगण पांढऱ्या धुराने भरून गेलं. आत सोडलेलं डिझेल-ऑइल जळतंय म्हणून दहा मिनिटं वाट पाहिली, पण धूर हटेना. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पेटीच, पंपाचं काम करते, आणि ती हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सीलं. डायनामोकडचं सील कडक झालं तर फालतू हवा आत येते आणि इंजिन तापतं. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल ओढलं जाऊन जळतं. गिअर ऑइलची पातळी पाहिली, ती उतरली होती. मामांनी काही न बोलता पान्यांची पेटी पुन्हा उघडली.