शेणमातीची जमीन व गिलावा : काम सांगण्यापूर्वी वाचावे

आमच्याकडे शेणमातीच्या कामाची चौकशी करणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न वासाचा विचारतात. ओल्या सारवणाला वास येतो आणि ते खडखडीत वाळले की जातो. वास टिकून राहिला, तर खालून ओल येत आहे असे समजावे.

शेण घालण्याचे मुख्य कारण त्यातील न पचलेल्या गवताचे बारीक तंतू हे आहे. चिकणमाती वाळताना आकसते व तडकते. हे तंतू तिला आतून धरून ठेवतात. कोकणातील तांबडी माती या कामाला चांगली, परंतु देशावरची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना फार आकसते, म्हणून तेथे आम्ही पांढरी माती घेतो. माती चाळून, तिच्यात ताजे शेण आणि भाताचा तूस किंवा गव्हाचा भुसा घालून ती पायांनी तुडवली जाते व काही दिवस भिजत ठेवली जाते. शेण किती घालावे याचे एकच माप नाही. आपल्या भिंतीवर वेगवेगळ्या प्रमाणांचे तळहाताएवढे थापे लावून ते वाळू देतो आणि ज्या थाप्याला भेग पडत नाही, ते प्रमाण धरतो.

जमीन धुम्मसाने (ठोकण्याच्या जड अवजाराने) ठोकून, चोपून घट्ट झाल्यावरच सारवण करावे. शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेले शेण, ताकापेक्षा दाट असावा; हात अर्धगोल फिरवत, भिंतीकडून दाराकडे मागे सरकत यावे, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. पुढे दर आठ-पंधरा दिवसांनी सारवावे लागते, आणि हे ज्यांना जमणार नाही त्यांनी शहाबादी फरशी घालावी, असे आम्ही स्वतःच सांगतो.

शेणाने जंतू मरतात किंवा वाळवी लागत नाही, अशी हमी आम्ही देत नाही. उलट शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, तेव्हा हातापायाला जखम असताना सारवू नये.

न्हाणीघर आणि मोरीजवळ हे काम आम्ही करत नाही. जोते दगडी व उंच असावे. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला झापांचा (विणलेल्या झावळ्यांचा) आडोसा करावा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मात्र चढवू नये, कारण ओल आत अडकून तो पोपड्यांसह सुटतो.

पावसाळ्यात माती वाळत नसल्याने नवी कामे दसऱ्यानंतरच सुरू होतात.