गुमास्ता काढला म्हणजे कंपनी झाली?

‘गुमास्ता काढलाय, आता आपली कंपनी झाली. धंदा बुडाला तरी घराला धक्का नाही.’ पोळीभाजी केंद्रापासून मोबाईलच्या दुकानापर्यंत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. साफ चूक.

गुमास्ता म्हणजे शॉप ॲक्टची (दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालची) नोंद, एवढंच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीसुद्धा लागत नाही. ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. एकट्याचा धंदा असेल तर पावतीवर मालक म्हणून तुमचंच नाव, आणि पॅनही तुमचाच. पाटीवर ‘अमुक एंटरप्रायझेस’ रंगवलं तरी कायद्याला दिसता तुम्हीच. होलसेलवाल्याची उधारी थकली, तर कोर्टामार्फत तो तुमच्या फ्लॅटपर्यंत पोचू शकतो.

भागीदारीतही तेच. उलट तिथे भागीदाराने धंद्यासाठी करून ठेवलेलं देणंही तुमच्या गळ्यात!

मालक आणि धंदा कायद्याने वेगळे होतात ते प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत किंवा एलएलपीमध्ये (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत). एकट्यालाच करायचं असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्यात एकल व्यक्ती कंपनीची सोय आहे. मात्र कर्ज देताना बँका बहुतेक वेळा संचालकांची वैयक्तिक हमी मागतात. त्या कागदावर सही केलीत, की तेवढ्या कर्जापुरतं घर पुन्हा पणाला लागलंच.