हादग्याखालचं अळू

घरामागच्या १० बाय १२ फुटांच्या तुकड्यात चार वर्षांपूर्वी मी हादगा लावला. त्याच्या बुंध्याशी तोंडलीचा वेल, आणि मोरीचं पाणी जातं त्या कोपऱ्यात अळू. मेथी-पालकासारखं सारखं पेरायला नको, उपटायला नको. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं भाजी.

ही जुळणी जुनीच आहे. सांगली-मिरजेकडच्या पानमळ्यांत पानवेल शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा यांवर चढवतात. वेलाला आधार मिळतो आणि विरळ सावलीही. हादग्याच्या बारीक पानांतून गाळून आलेलं ऊन अळवालाही पुरतं.

पण या झाडाची खरी करामत जमिनीखाली आहे. बुंध्याजवळची माती बोटांनी हलकेच उकरा. बारीक मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एखादी नखाने फोडली की आत गुलाबी-लाल गर. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात, म्हणजे झाडाला वापरता येईल असं खत. ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर हे घडतं, ते मात्र प्राणवायू लागला की निकामी होतं. म्हणून लेगहिमोग्लोबिन प्राणवायू धरून ठेवतं आणि जिवाणूंना श्वासापुरताच देतं.

हादगा शेजारी आहे म्हणून अळवाला आयतं खत मिळतं, असं अनेकांना वाटतं. मलाही वाटायचं. पण जिवंत झाड ते नत्र बहुतांशी स्वतःच वापरतं. पाला, मुळं कुजली की मगच ते मातीत उतरतं. पहिली दोन वर्षं मी छाटणीचा पाला कचऱ्यात देत होतो. तिसऱ्या पावसाळ्यात तो अळवाच्या बुडाशी अंथरला, आणि पानं सुपाएवढी झाली. शेवग्याची पानंही अशीच बारीक, पण तो हादग्यासारखा कडधान्यांच्या कुळातला नाही. त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत.

तोंडली बियांपासून लावू नका. तिचे नर-मादी वेल वेगळे असतात आणि नराला फळ धरत नाही. फळं देणाऱ्या वेलाचा पेन्सिलीएवढा जाड छाट आणून लावा.

आता नवरात्राच्या सुमाराला हादगा फुलतो. सकाळी पांढरी फुलं काढायची, आतला कडवट तुरा खुडायचा आणि भिजवलेल्या मूगडाळीवर भाजी परतायची.